मामांकडून शिका

पत्र एकाच पानाचं होतं. थोरल्या मुलाने ते अण्णांच्या समोर ठेवलं तेव्हा टेबलावरची जेवणाची ताटं अजून उचललेली नव्हती. सुनेने एक ताट बाजूला सरकवून जागा केली. रविवार होता, कारखाना बंद होता, आणि सोमवारी सकाळी आठच्या आत या पत्रावर अण्णांची सही हवी होती. बायको गेल्यापासून दीड वर्षात अण्णांनी कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण कागदोपत्री मालक अजून तेच होते.

अण्णांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कामात जाणूनबुजून खोट्या नोंदी केल्याबद्दल मामांना कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यात होतं. मामा म्हणजे अण्णांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यात एकतीस वर्षं काढलेला, त्यातली बहुतेक चष्म्याच्या काचा तपासायच्या टेबलावर बसलेला माणूस. पत्रात त्यांचं पूर्ण नाव होतं. ते असं छापलेलं अण्णांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे क्षणभर त्यांना वाटलं, हा दुसराच कुणीतरी.

"सही खाली, फुली मारलीय तिथे," थोरला म्हणाला.

झालं काय ते त्याने मुद्देसूद सांगितलं. तो शाळेत असल्यापासून तसाच बोलतो, आधी एक, मग दोन, मग तीन. सात महिन्यांपूर्वी त्याने कारखान्यात नवीन पद्धत आणली. प्रत्येक ट्रेला स्टिकर, प्रत्येकाच्या हातात एक यंत्र, काम झालं की स्टिकरवर यंत्र धरायचं आणि 'झाले' दाबायचं. भिंतीवर मोठा बोर्ड. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे रंग. काम वेळेत तर हिरवा, रेंगाळलं तर पिवळा, अडलं तर लाल. पहिले पाच-साडेपाच महिने मामांचं नाव लाल होतं. मग एकदम हिरवं झालं आणि दीड महिना हिरवंच राहिलं. या बुधवारी एका क्रेन चालवणाऱ्याचा चष्मा डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल होऊन बाहेर गेला. तो माणूस वर केबिनमध्ये चढला, त्याला गरगरायला लागलं, आणि नशीब थोर म्हणून तो कुठल्याही दांड्याला हात न लावता खाली उतरून बसला. दुकानदाराची तक्रार आल्यावर थोरल्याने नोंदी उघडल्या. काच घासून झाली अकरा वाजता. मामांनी ती 'तपासली' सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी.

"म्हणजे काच तयार व्हायच्या आधी," थोरला म्हणाला. "मग मागचं सगळं काढलं. दीड महिना, अण्णा. सकाळी स्टिकर छापून आले की मामा तो सगळा गठ्ठा घेऊन बसायचे आणि एका दमात 'झाले' मारून मोकळे व्हायचे. गुरुवारी विचारलं तर यंत्र टेबलावर ठेवून घरी निघून गेले. एक शब्द नाही."

अण्णांनी विचारलं, काचा तपासतच नव्हते का ते. थोरला म्हणाला, ते कोण सांगणार, नोंदीवर कसा विश्वास ठेवायचा आता.

"तपासत होते," धाकटी लेक म्हणाली. ती आतापर्यंत वाटीतलं ताक संपवत होती. कारखान्याचा वरचा मजला तिच्याकडे असतो. खाली तपासलेल्या काचा वर येऊन फ्रेममध्ये बसतात. "माझ्याकडे दिवसाला दीड-दोनशे चष्मे येतात. काच तपासलेली नसेल तर मला संध्याकाळपर्यंत कळतं. दीड महिन्यात एक चुकलाय. एक. आणि दादा, तुला दीड महिना रंग दिसले, वेळ नाही दिसली?"

थोरला म्हणाला, माणूस रंगासाठीच बोर्ड लावतो, नाहीतर कशाला लावेल. तेच यंत्र वर आहे, तीच पद्धत वर आहे, तिथे कुणी खोटं केलं नाही. मग यंत्राला दोष का?

"यंत्राला नाहीच देत," ती म्हणाली. "मी तुला देतेय."

सून ताटं उचलायला उठली होती, ती पुन्हा बसली.

धाकटीने मग वरच्या मजल्यावर काय झालं ते सांगितलं, आणि त्यात बढाई नव्हती. पहिले दोन आठवडे तिने यंत्र कुणाच्या हातात दिलंच नाही. स्वतः बसून चष्मे बसवले, स्वतः दाबलं, आणि तिचं स्वतःचं नाव बोर्डावर इतकं लाल झालं की पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग त्याच म्हणाल्या, ताई, इकडे आणा, आम्ही बघतो. वरचा बोर्ड तिने दुसऱ्या आठवड्यातच बंद केला. दर गुरुवारी चहानंतर अर्धा तास कुणाचं काय अडलंय एवढंच बोलायचं, आणि पहिली अडचण तिने स्वतःची सांगायची, असं ठरलं. चार महिने लागले सगळं सुरळीत व्हायला. थोरल्याने खाली किती दिवस दिले होते?

"कंपनीचा माणूस आला होता. दोन तास शिकवलं. सगळ्यांनी 'समजलं' म्हणून सही केली."

"मामांनी पण?"

"मामांनी पहिली."

धाकटीने फोन काढला. कारखान्याचा एक ग्रुप आहे, त्यात सगळे आहेत. थोरला म्हणाला, हे आत्ता कशाला. ती वाचायला लागली. आवाज चढवला नाही, भाजीची यादी वाचावी तसं वाचलं. मामा, तीन ट्रे लाल. कारण? मामा, काल पण लाल. मामा, सगळ्यांना जमतं, तुम्हालाच काय अडचण आहे? मामा, सातनंतर बोर्डवर कुणी लाल दिसता कामा नये. त्याखाली प्रत्येक वेळी मामांचं उत्तर. हो. करतो. सॉरी. बघतो. एक उत्तर पहाटे पाच चाळीसला आलेलं होतं. सॉरी उठायला उशीर झाला.

"आणि मग हे ऐका. दीड महिन्यापूर्वीचं. 'शाब्बास मामा. सगळं हिरवं. बाकीच्यांनी मामांकडून शिका.'"

 थोरल्याचा कान लाल झाला होता.

"त्यावर एकवीस जणांनी अंगठे दिलेत," धाकटी म्हणाली. "त्यानंतर त्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला जमत नाही?"

थोरल्याने सुनेकडे पाहिलं. घरातल्या वादात ती नेहमी त्याच्या बाजूने असते; अण्णांना ते आवडायचंही. पण ती टेबलावरच्या पाण्याच्या ओघळाकडे बघत म्हणाली, की घरात पण तेच चालतं. तो स्वतः साडेचारला उठून फोनवर बोर्ड बघतो. बंद कारखान्याचा बोर्ड. त्या वेळी कुणाचंच नाव हिरवं नसतं, तरी बघतो. "मला भीती वाटते त्यांची," ती म्हणाली, "म्हणजे त्यांची काळजी वाटते." नवऱ्याने काही म्हणायच्या आत तिने पुढे सांगितलं, की तो वाईट माणूस नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही, पण मामांच्या पत्राला तिची संमती धरू नका.

थोरला खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. अण्णांना वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"फळा कुणाचा होता, अण्णा?"

धाकटीला कळलं नाही. ती तेव्हा पाळण्यात होती. अण्णांना लगेच कळलं.

तीस वर्षांपूर्वी काचेची कड घासायचं पहिलं विजेचं यंत्र आलं तेव्हाची गोष्ट. तोवर सगळं हाताने व्हायचं. यंत्रावर हात बसेना, काचा फुटायला लागल्या. तेव्हा अण्णांनी दाराजवळ एक फळा टांगला आणि त्यावर खडूने लिहायला सुरुवात केली, कुणाच्या हातून आज किती फुटल्या. नाव आणि आकडा. मामा तेव्हा हाताखाली नवे होते, बरेच दिवस त्यांचा आकडा सगळ्यात मोठा असायचा. अण्णा येता-जाता फळ्यापुढे थांबायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलायची गरजच पडायची नाही. तीन महिन्यांत फूट थांबली, आणि अण्णा पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगायचे, शिस्त कशी लावायची ते.

"मी शाळेतून थेट कारखान्यात यायचो," थोरला म्हणाला. "मला वाटायचं, मोठेपणी आपला पण असा फळा असणार. मी दुसरं काय शिकलो असणार, सांगा ना. तुम्ही घरी बसलात आणि म्हणालात, आता तू बघ. कसं बघायचं ते सांगितलंत का एकदा तरी?"

आवाज शेवटी फाटला. सुनेने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

अण्णा पत्राकडे बघत राहिले. त्यांना आठवलं ते फळ्याचं नव्हतं, फळा पुसणाऱ्या बायकोचं होतं. ती तेव्हा कारखान्यात ऑर्डरी लिहून घ्यायची. रोज जेवणाच्या सुट्टीत ती ओलं फडकं घेऊन फळा लख्ख पुसून टाकायची. अण्णांनी विचारलं तर म्हणाली होती, खडूची भुकटी काचांवर बसते. त्यांना ते पटलं होतं. त्यांनी बाजारात हिंडून कमी भुकटीचा खडू शोधून आणला होता, जरा महाग पडला तरी.  ती त्या खडूने लिहिलेलंही पुसत राहिली. आज, इतक्या वर्षांनी, या टेबलावर बसून त्यांना कळलं की तिचं भुकटीशी काही देणंघेणं नव्हतं. आणि आता तिला तसं सांगता येणार नव्हतं.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले आणि पत्राची घडी करून खिशात टाकली.

मामा दोन गल्ल्या पलीकडे राहतात. जिन्याने दुसरा मजला. अण्णांना धाप लागली. मामांनी दार उघडलं, भाऊजी, या, म्हणाले आणि खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. घरात एकटेच होते. त्यांची बायको लेकीकडे गेली होती. मामा तीन दिवसांत बारीक व्हायला हवे होते असं अण्णांना उगाच वाटलं होतं. ते उलट टवटवीत दिसत होते. दाढी नीट केलेली, डोळ्यांखालची सूज उतरलेली.

चहा झाला. आधी अण्णा गुडघ्यांविषयी बोलले, मामा लेकीविषयी बोलले. मग अण्णांनी विचारलं, तपासत होतास ना तू काचा. मामा म्हणाले, एकेक. न तपासता हातावेगळी करायची सवयच नाही, करू म्हटलं तरी जमणार नाही.

"मग हे कशाला केलंस?"

मामा उठले आणि कपाटातून एक शाळेची वही घेऊन आले. त्यात पेन्सिलीने चौकोन काढले होते, पानापानावर एक. प्रत्येक चौकोन म्हणजे यंत्राची काच, आणि तिच्यावरची सगळी बटणं जागच्या जागी, हे दाबलं की हे येतं, बाणासकट. काचेचा नंबर वाचणाऱ्या माणसाने काढलेलं ते, रेघ न् रेघ सरळ. सतरा पानं होती. रोज घरी येऊन थोडं थोडं काढायचो, मामा म्हणाले. पाच महिन्यांत सगळी काढून झाली, हात बसायला लागला होता. बोर्डावर एक दिवस पिवळा आलो होतो, बायकोला सांगितलं मी. आणि एका सकाळी यंत्र सुरू केलं तर सगळं वेगळं. कंपनीने आतून काहीतरी बदललं होतं. निळं बटण डावीकडचं उजवीकडे, 'झाले'चं बटण खाली होतं ते वर, तीन बटणं नाहीशी झालेली. सतरा पानं फुकट.

"विचारायचं कुणाला तरी."

"ग्रुपवर?" मामा म्हणाले आणि हसले. "बाकीच्यांनाही कळत नव्हतं, भाऊजी. पण त्यांची लेकरं घरी आहेत, ती दाखवतात. मी म्हटलं, आज सकाळी शांतपणे एकेक स्टिकर मारून बघू, काय होतंय. मारले. सगळं हिरवं झालं. वाटलं, उद्या नीट शिकून घेऊ. तर थोरल्याचं ते आलं, मामांकडून शिका. आणि लगेच दोन पोरं माझ्या टेबलापाशी, मामा, दाखवा ना कसं करता."

त्यांनी वही मिटली.

क्रेनवाल्याच्या चष्म्याविषयी अण्णांनी विचारलं नव्हतं, मामांनीच सांगितलं. पूर्वी प्रत्येक ट्रेमध्ये एक कार्ड असायचं. डावी काच तपासली की मामा कार्डाचा डावा कोपरा दुमडायचे, उजवी तपासली की उजवा. कार्डं बंद झाली. तरी लक्षात राहायचं. बुधवारी डावी काच हातात होती आणि फोन वाजला. थोरल्याचा निरोप होता, आजही मामा सगळ्यात पुढे. उत्तर दिलं नाही तर वाईट दिसेल म्हणून काच खाली ठेवली, थँक्यू लिहिलं. तेवढं लिहायला त्यांना वेळ लागतो. परत काच उचलली ती चुकीच्या बाजूला ठेवली.

"ते माझंच चुकलं," मामा म्हणाले. "त्यात थोरल्याचं काही नाही. तो माणूस पडला असता तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

अण्णांना काहीतरी बोलायचं होतं, पण जे आलं ते भलतंच. "माझ्याकडे यायचंस, अरे. मी काय मेलो होतो?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"आलो होतो की. तीनदा."

आणि अण्णांना तिन्ही वेळा आठवल्या. पहिल्यांदा मामा म्हणाले होते, ते यंत्र मला झेपत नाही, थोरल्याशी जरा बोलाल का. अण्णा म्हणाले होते, मी आता त्यात नाही, तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्यांदा मामांनी तोंड उघडताच अण्णांनी हात वर केला होता. तिसऱ्यांदा मामा आले, चहा घेतला, तासभर बसले आणि काही न बोलता गेले. त्या दिवशी अण्णांना फार बरं वाटलं होतं. त्यांना वाटलं होतं, हा बहिणीच्या आठवणीने आलाय. आपल्यासारखंच याला पण घरी करमत नाही. मामा गेल्यावर ते बायकोच्या फोटोकडे बघून म्हणालेसुद्धा होते, बघ, तुझा भाऊ आला होता तुझ्यासाठी.

दीड वर्ष त्यांनी आपलं दुःख असं धरून ठेवलं होतं, की दुसरं कुणी काही घेऊन आलं तर ठेवायला हातच रिकामा नव्हता.

"पत्र आणलंय ना?" मामा म्हणाले. "धाकटीचा फोन आला होता. द्या, माझी सही लागत असेल तर करतो."

"तुझी नाही लागत. आणि मी करणार नाही," अण्णा म्हणाले. ते इथे येताना जिन्यात ठरवून आले होते, की मामांना म्हणायचं, उद्या आठला ये, मी पण येतो, दोघं शेजारी बसू, कोण काय बोलतं बघू. वाक्य ओठांवर होतं. त्यांनी घसा साफ केला.

मामांनी आधीच ओळखलं. पुढे वाकून त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊजी, बोलावू नका मला. तुम्ही बोलावलंत तर मला नाही म्हणता येणार नाही. आजपर्यंत आलेलं नाही." मग म्हणाले, "गुरुवारपासून मला झोप लागतेय. सात वाजेपर्यंत. बायको आत येऊन बघून गेली, श्वास चालू आहे का म्हणून."

तो विनोद होता. अण्णा हसले. हसता हसता त्यांनी ते वाक्य गिळलं. 

घरी आले तेव्हा थोरला दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता. आत धाकटी आणि सून भांडी विसळत काहीतरी बोलत होत्या. थोरल्याने विचारलं, मामा येणार का.

"मी विचारलं नाही."

"का?"

"तो आला असता म्हणून."

थोरल्याला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने मान खाली घातली. अण्णांनी पत्र काढून त्याच्या हातात दिलं, सही न केलेलं. म्हणाले, दुसरं लिही. त्याने काम सोडलं असं लिही, एकतीस वर्षं केलं असं लिही. काढलं असं कुठे यायला नको. थोरला हो म्हणाला. मग म्हणाला, बोर्ड बंद केलाय मी. मघाशीच, फोनवरून.

"बरं केलंस."

"चार सेकंद लागले," थोरला म्हणाला. "सात महिने मला ते बटण माहीत होतं."

अण्णा त्याच्या शेजारी पायरीवर बसले. बऱ्याच वर्षांत ते असे शेजारी बसले नव्हते, आणि दोघांनाही पाय कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. थोरल्याच्या हातात फोन होता. तो मामांना काहीतरी लिहीत होता. दोन शब्द लिहून पुसले, चार लिहून पुसले.

"लिहू नकोस," अण्णा म्हणाले. "जा."

"परत बोलवायला?"

"नाही. त्याला बोलवायचं नाही. नुसता जा."

थोरला उठला. चपला घातल्या, एक उलटी घातली, काढून सुलटी घातली. फाटकापर्यंत जाऊन परत फिरला.

"जाऊन बोलू काय मी, अण्णा?"

अण्णांनी विचार केला. तासाभरापूर्वी ते स्वतः त्याच जिन्याने वर गेले होते आणि काय बोलायचं ते ठरवून गेले होते.

"मला नाही सुचलं," ते म्हणाले. "तरी जा."